मोजणारा कान

चैत्र लागला की आमच्या आळीतली पोरं एकदम शहाणी होतात. एरवी विटीदांडूने लोकांची कौलं फोडणारी ही मंडळी सकाळच्या गार हवेत पुस्तक छातीशी धरून ओट्यावर फेऱ्या मारू लागतात. माझी मंगल गच्चीवर असते. खाली कडुनिंबाचा मोहोर झडत असतो, त्याचा कडवट-गोड वास वर चढत असतो आणि तिचं घोकणं त्या वासातून खाली उतरत असतं. कशाची तरी पाच कारणं, कशाचे तरी सात परिणाम. एखादं सुटू नये म्हणून ती बोटांच्या पेरांवर मोजते. अंगठा एका पेरावर टेकतो, पुढे सरकतो. ओठ मागे पडले की अंगठा थांबून राहतो.

तो थांबलेला अंगठा मला बघवत नाही. दरसाल या दिवसांत काहीतरी निमित्त काढून मी दुकानात लवकर जातो. रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे माझं, माळीवाड्याच्या बाजूला. तिथे निदान बिघाड सापडतो, आणि सापडला की दुरुस्त करता येतो.

यंदा बायकोने हटकलं.

"परीक्षा पोरीची हाय का तुमची?" ती म्हणाली. "दर साली ह्या दिसांत तोंड पाडून बसता. काय हाय मनात ते एकदा बोलून टाका की."

"काही नाही."

"मला नका सांगू. ज्याला सांगायचं त्याला सांगा. पर सांगा."

बायको राहुरीकडची. बोलते थोडं, पण बोलली की ते कुसळासारखं अंगात राहतं. ज्यांना सांगायचं होतं त्या रूथबाई माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत होत्या. मंगलच्याच शाळेच्या त्या आता मुख्याध्यापिका. रस्त्यात भेटल्या की "काय सर, ठीक ना?" असं विचारायच्या. मला सर म्हणणारं त्यांच्याखेरीज या गावात कुणी नाही. बाकीच्यांना मी हवालदार.

*

हवालदार मी लढाईतला. सिग्नलमध्ये होतो. कानाला हेडफोन लावून मोर्स, म्हणजे आखूड-लांब टिकटिकीतला संदेश, ऐकायचा आणि कागदावर उतरवायचा, एवढंच माझं काम. लढाई संपली, आम्हाला घरी पाठवलं, आणि लक्षात आलं की जे आपल्याला येतं त्याची आता कुणाला गरज नाही. गावाकडे वडील म्हणायचे, "तुला टिकटिक येती खरी, पर औत धरता येत न्हाई." ते खोटं नव्हतं. बायकोला आईवडिलांजवळ ठेवून मी नगरला आलो.

स्वातंत्र्य येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. भिंगारच्या छावणीत लढाईतलं उरलंसुरलं सामान लिलावात निघत होतं. तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि वजनावर विकले जाणारे वायरलेस सेट. त्यातला एक सेट आम्ही काहीजणांनी मिळून उचलला आणि इब्राहिमभाईंच्या सायकल-दुकानावरच्या खोलीत बसवला. तोच आमचा क्लब. खोलीच्या खिडकीतून एक तांब्याची तार निघे आणि पलीकडच्या चिंचेला बांधलेली असे. खाली इब्राहिमभाईंच्या पंपाचा फुसफुसाट, पंक्चरच्या सोल्युशनचा वास. वर तारा जोडायला डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास. दोन्ही वास जिन्यात भेटायचे. आजही कुठे राळ जळाली की मला तो जिना आठवतो, आणि जिना आठवला की त्याच्या पायऱ्यांवर वाजणाऱ्या चपलांचा आवाज.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे त्या काळी नगरमध्ये चहा पाजून समजावून सांगावं लागे. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं आणि आपल्या सेटवरून दूरदेशीच्या आपल्यासारख्याच एखाद्या खुळ्याशी मोर्समध्ये बोलायचं. प्रत्येकाला सरकारने दिलेलं एक बोलवायचं नाव असतं, दोन-चार अक्षरांचं आणि आकड्याचं. त्यावरून माणूस कोण ते कळत नाही, फक्त देश कळतो. एकाने हाक मारायची, ज्याला ऐकू आली त्याने उत्तर द्यायचं. बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना टपालाने कार्ड पाठवायचं, ही रीत. लायसन्स नसेल त्याने ऐकावं, बोलू नये. आमच्या क्लबात तेव्हा लायसन्स होतं एकट्याला, मला. बाकीचे शिकत होते.

आणि लायसन्सवर एक अट छापलेली होती. आपलं बोलायचं. दुसऱ्या कुणाचे निरोप पोचवायचे नाहीत.

*

संक्रांतीच्या सुमारास मुलींच्या एका शाळेत प्रदर्शन होतं. कुणी रांगोळ्या मांडल्या होत्या, कुणी भरतकाम. आम्ही एका फळीवर आमची कार्डं टाचून ठेवली होती. लोक येत, रंगीत कार्डं बघत, बोरं खात पुढे जात. एक बाई मात्र एकाच कार्डासमोर उभ्या राहिल्या. फिकट निळं पातळ, हातात खडूची पूड. कार्ड टांगानिकाचं होतं, आफ्रिकेतलं. घायपाताच्या एका मळ्यावर कुणी फिटर होता, त्याच्याशी दिवाळीत माझं बोलणं झालं होतं.

"हे अक्षर दाविदचं आहे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ."

मी म्हटलं, "असतील एकसारखी अक्षरं."

"द ला अशी शेपटी तो शाळेतही काढायचा. मार खायचा त्याबद्दल." इंग्रजी कार्डाच्या कोपऱ्यात त्याने नाव मराठीत लिहिलं होतं, ते मी नीट पाहिलंही नव्हतं.

रूथबाई त्याच शाळेत शिकवत. पुढच्या रविवारी चर्चमधून निघून त्या क्लबात आल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहूनच त्यांनी सगळं सांगितलं, जणू आत यायच्या आधी ते सांगून टाकणं भाग होतं. दाविदला एका मुलीशी लग्न करायचं होतं. आईने मोडता घातला. मुलगी दुसरीकडे दिली गेली. तो लढाईच्या धामधुमीत आफ्रिकेला निघून गेला. पत्रं न उघडता परत यायची. वडील वारले तेव्हा तार केली, तिचंही उत्तर नाही. आता आईला क्षय झाला होता. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पावसाळा कठीण आहे असं स्पष्ट सांगितलं होतं.

"आई म्हणते, त्याला एवढंच कळव, माझं चुकलं. ये असंसुद्धा म्हणत नाही ती. फक्त चुकलं म्हणते."

त्या संध्याकाळी आफ्रिका छान उघडली होती. हवेचं असं असतं, काही वेळा दूरचं माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखं ऐकू येतं. दाविद सापडला. मी नेहमीसारखी चौकशी केली आणि मग कळवलं की तुमची बहीण माझ्याजवळ बसली आहे. पलीकडे जरा थांबल्यासारखं झालं. मग शुभेच्छा आल्या, नेहमीच्या छापील, आणि सेट बंद.

त्यानंतर माझी हाक ऐकली की तो गप्प होऊ लागला. केपटाऊनशी बोलायचा, सिलोनशी बोलायचा. मी बोलावलं की नुसती खरखर.

रूथबाईंनी तीन रविवार हे पाहिलं. चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या, "मला शिकवा. मी परीक्षा देते. माझं स्वतःचं बोलवायचं नाव मिळालं की मी त्याला हाक मारीन. ते नाव कुणाचं हे त्याला कळणार नाही. अनोळखी हाकेला तो उत्तर देतो, मी पाहिलंय. एकदा उत्तर दिलं, की मी त्याला सोडणार नाही."

परीक्षा पुण्याला होती, चैत्राच्या शेवटी.

*

आता जे सांगायचं ते जरा समजावून सांगावं लागेल.

मोर्स शिकायच्या दोन वाटा आहेत. एक कानाची. लष्करात आमचा उस्ताद अक्षर झटकन, एका दमात वाजवायचा आणि दोन अक्षरांमध्ये मात्र भरपूर उसंत द्यायचा. त्यात किती टिंबं, किती रेघा, हे कुणी विचारलं तर तो बोटांवर छडी मारायचा. म्हणायचा, तुझ्या आईने हाक मारली की त्यात किती अक्षरं आहेत हे मोजून मग ओ देतोस का? अक्षर म्हणजे एक आवाज. तो ओळखायचा. बस.

दुसरी वाट डोळ्यांची. कागदावर तक्ता काढायचा, अक्षरापुढे टिंबं-रेघा, आणि ते पाठ करायचं. ही वाट सोपी वाटते, पहिल्या आठवड्यात तर फारच. पण असा माणूस मग ऐकताना मोजतो. टिंब, रेघ, टिंब, टिंब, मग डोक्यातल्या तक्त्याकडे धाव, मग अक्षर. तोवर पुढचं अक्षर निघून गेलेलं. मिनिटाला सात-आठ शब्दांच्या वर त्याची गाडी जात नाही. परीक्षेला बारा लागत. आणि एकदा कानाला मोजायची सवय लागली की ती सुटत नाही.

इब्राहिमभाईंना मी पहिल्या वाटेने शिकवत होतो. खाली पंक्चर काढता काढता ते वर ओरडायचे, "हवालदार, वाजव," आणि मी खिडकीतून बझर वाजवायचो. रबर घासता घासता ते अक्षर सांगायचे.

रूथबाईंनी पहिल्याच दिवशी तक्ता मागितला.

"कागदावर लिहून द्या, सर. मुलींना पाढे देते तसं मी पाठ करते."

मला ठाऊक होतं. उस्तादाची छडी माझ्या बोटांना आठवत होती. तरी मी एक चांगला जाड कागद घेतला, पट्टीने रेघा आखल्या आणि सुरेख अक्षरात तक्ता काढून दिला. त्यांना आनंद झाला होता. इतका की त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. लढाईहून आल्यापासून माझ्या हातून कुणी काही दोन्ही हातांनी घेतलं नव्हतं. त्या दिवसापुरतं म्हणायचं तर तो अडाणी मोह होता, गुन्हा नव्हता. गुन्हा पुढे फाल्गुनात झाला.

*

माघातले ते रविवार मला एकेक करून आठवत नाहीत. त्यांचा सगळ्यांचा मिळून एकच लांब रविवार झाला आहे. उन्हं तिरपी होत खोलीत येतात. चिंचेचा वाळला पाला तारेवरून खिडकीत उडून येतो. कुणीतरी शेतावरून आणलेला हुरडा वर्तमानपत्रावर पसरलेला आहे. रूथबाई खुर्चीत ताठ बसल्या आहेत, हेडफोन केसांवरून सरकू नये म्हणून एका हाताने धरलेला. दुसऱ्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवर हलतं आहे. टिंबाला टोकाने, रेघेला पेराने. जीभ दातांत. मी मोर्स वाजवायची किल्ली दाबतो आहे आणि त्यांच्याकडे बघत नाही आहे असं दाखवतो आहे.

फाल्गुन आला, माठातलं पाणी प्यावंसं वाटू लागलं आणि रूथबाई अडल्या. जिथे अडणार हे मला माहीत होतं तिथेच. सात शब्द ठीक. आठव्याला ओळी तुटायच्या.

"माझं काय चुकतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सराव करा. होईल."

होळीच्या दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाई वर आले. अंगावर कुणीतरी टाकलेला रंग, तोंडात पान.

"हवालदार, एक विचारू का? मला कागद दिला नाहीस. बाईंना तेवढा नक्षीदार कागद. मैं क्या गधा हूं?"

रूथबाई हसल्या. "तुम्हाला कागदाची गरज नाही, भाई. तुमचा कान चांगला आहे."

"कान अल्लाने दोन्ही बाजूला सारखेच दिलेत, बाई. याला विचारा, काय करतोय हा." पान चघळत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थट्टेतच पाहिलं, पण जरा जास्त वेळ पाहिलं. मी बझरची तार घट्ट करायला वाकलो.

इलाज होता. लष्करात असे बिघडलेले कान आम्ही सुधारलेले होते. तक्ता फाडून टाकायचा. महिनाभर मोर्सचा आवाजही कानावर पडू द्यायचा नाही. मग नव्याने सुरू करायचं, एकेक अक्षर, पूर्ण वेगाने, मोजायला फुरसत न देता. फाल्गुनात तो महिना हाताशी होता. परीक्षेला पुरेसा वेळ उरला असता.

पण महिनाभर म्हणजे चार रविवार. त्या चार रविवारी बाईंना सांगावं लागलं असतं की क्लबाकडे फिरकू नका.

मी सांगितलं नाही. इतकी वर्षं जे कुणाला बोललो नाही ते एवढंच आहे. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच? मलाही पुष्कळदा वाटतं. यात चोरी नाही, मारहाण नाही. कुणी मला पकडून देऊ शकलं नसतं. त्याला प्रेम म्हटलं असतं तर निदान काहीतरी मोठं नाव मिळालं असतं. पण तेही खरं नाही. मी त्यांना कधी एक शब्द वावगा बोललो नाही, मनातही फार पुढे गेलो नाही. मला फक्त जिन्यावर त्या चपला वाजायला हव्या होत्या. कुणीतरी मला विचारावं, सर, हे कसं करायचं? दाविद ऐकू आला की माझ्या पेन्सिलीकडे बघत राहावं, तो काय म्हणतोय हे माझ्याच कागदावरून कळावं. त्यांना येऊ लागलं असतं, तर माझा कागद कशाला लागला असता?

*

चैत्रात मी घाबरलो. परीक्षा पंधरवड्यावर आली तेव्हा एका रविवारी मी टेबलावरचा तक्ता उचलून खिशात घातला.

"आता याच्याशिवाय," मी म्हणालो. "मोजायचं नाही. नुसतं ऐकायचं."

मी अक्षरं झटकन वाजवू लागलो. रूथबाईंनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"तक्ता तुमच्या खिशात आहे, सर, पण मला दिसतोय. डोळे मिटले तरी दिसतो. उलट मिटले की जास्तच."

मी पुन्हा वाजवलं. टेबलाच्या कडेवरचं बोट त्यांनी मुठीत दाबून धरलं, तर पायाचा अंगठा चपलेत हलू लागला. मी तो बघत होतो. हाताने लावलेलं झाड वाकडं वाढलं तर दोरी बांधून सरळ करता येतं. कानात वाढलेल्या गोष्टीला दोरी कुठे बांधायची?

ते दोघं एकाच एस.टी.ने पुण्याला गेले, बाई पुढे, इब्राहिमभाई मागे. आले तेव्हा इब्राहिमभाईंनी स्टँडवरच मला मिठी मारली आणि मग एकदम सोडली. बाई मागून उतरल्या. तोंडावर प्रवासाची धूळ.

"लेखी जमलं," त्या म्हणाल्या. "किल्लीवर पाठवणंही जमलं. ऐकताना तिसऱ्या ओळीला मागे पडले आणि मग सापडलंच नाही काही." मग मलाच बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, सर. तुम्ही खूप कष्ट घेतलेत. माझ्याच डोक्यात बसत नाही ते."

मी त्यांची पिशवी हातात घेतली. तेवढंच केलं.

*

इब्राहिमभाईंचे लायसन्सचे कागद कुणाला वाटलं नव्हतं इतक्या लवकर आले. ज्येष्ठ लागला होता, दुपारी आभाळ काळवंडून यायचं, धुळीचा लोट उठायचा, चार टपोरे थेंब पडायचे आणि वळीव दुसऱ्याच गावाला निघून जायचा. सेटवर या दिवसांत खरखरीचा कहर असतो. कुठेतरी वीज चमकते, आधी हेडफोनमध्ये कडकडते, मग खिडकीत दिसते असं वाटतं.

इब्राहिमभाईंनी बाईंना मुद्दाम निरोप धाडून बोलावलं. "माझी पहिली हाक तुमच्या भावाला," ते म्हणाले. नवा कोरा सदरा घालून ते किल्लीवर बसले. हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा खरखरीच्या तळाशी दाविद उत्तरला.

अनोळखी हाकेला तो उत्तर देतो, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यांचं खरं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

नाव, गाव, हवा कशी आहे, हे झालं. इब्राहिमभाईंनी किल्लीवरचा हात थांबवला. "काय सांगू, बाई?"

"लायसन्सची अट आहे..." मी म्हणालो. माझ्याच आवाजाची मला किळस आली.

"अट गेली चुलीत," इब्राहिमभाई म्हणाले आणि बाई काही सुचवायच्या आत त्यांनी जे सर्वांत सरळ वाटलं ते पाठवलं. तुमची आई आजारी आहे. तुमची बहीण इथे आहे. आई म्हणते, तिचं चुकलं.

मग आम्ही तिघं ऐकत राहिलो. वीज चमकली. कड्ड करून सगळं भरून गेलं. खरखर ओसरली तेव्हा पलीकडे काही नव्हतं. त्याने ऐकलं आणि सेट बंद केला, की विजेने मधेच गिळलं, की तिकडेच काही झालं, हे कळायला वाट नव्हती. इब्राहिमभाई हाका मारत राहिले. दिवेलागण झाली. शेवटी बाईंनीच त्यांच्या खांद्याला हात न लावता, जरा वरच धरून म्हटलं, "राहू द्या, भाई. हात दुखेल."

त्यानंतर दाविद कधी ऐकू आला नाही. मी पुष्कळ शोधला. कार्डावरच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परत आलं, आणि पुढे कधी कुणाकडून त्याची खबरही नाही.

श्रावणात बाईंची आई गेली. इब्राहिमभाई आणि मी मातीला गेलो होतो. भुरभुर पाऊस होता, घायपाताच्या कुंपणापलीकडे कबरस्तानातली लाल माती बुटांना चिकटत होती. बाईंनी आमचे आभार मानले. माझे जरा जास्तच मानले.

क्लब पुढे वर्षभरात विरला. इब्राहिमभाईंनी सेट घरी नेला. खोली गिरणीचे पट्टे ठेवायला भाड्याने दिली गेली. त्या जिन्याखालून जाताना मी अजून वर बघतो. बघण्यासारखं काही नाही, हे माहीत असून बघतो.

*

बायको बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. परीक्षा चालू होती. व्हरांड्यात शुकशुकाट, वर्गांतून फक्त कागद उलटल्याचा आवाज. रूथबाई त्यांच्या खोलीत एकट्याच होत्या. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, पण खुर्चीत तशाच ताठ बसतात.

"सर, तुम्ही? मंगलचं काही?"

"मंगलचं नाही," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. तक्ता. दुसरी वाट. फाल्गुनातला महिना, चार रविवार. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला. इतकी वर्षं उचलून धरलेली वस्तू खाली ठेवल्यावर इतकीशीच दिसावी, तसं झालं.

चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

"म्हणजे माझा कान ठीक होता," त्या म्हणाल्या.

"उत्तम होता."

"मी आईला सांगितलं, माझ्या डोक्यात बसत नाही. ती म्हणाली, जाऊ दे, सगळ्यांना सगळं येत नाही. मलाच धीर देत होती ती." चष्मा पुन्हा चढवून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "इब्राहिमभाईंनी एकदम आई आजारी म्हणून सांगितलं. बिचारे, ते आणखी काय सांगणार. किल्लीवर मी असते तर आधी बाळ्या म्हटलं असतं. घरात आम्ही त्याला बाळ्या म्हणायचो, बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तो थांबला असता की नाही, देव जाणे. पण कोण बोलतंय हे त्याला कळलं असतं."

माझ्या तोंडात माफीचा शब्द आला होता. तो त्यांना दिसला असावा.

"माफी मागायला आला असाल तर आज नको, सर. मला विचार करू द्या. कदाचित मला जमणार नाही."

मी मान हलवली. उठावं की बसावं कळेना. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, त्यावर एक गुळगुळीत दगड. बाई त्या दगडाकडे बघत होत्या.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "ते सगळे महिने मी तुमच्या शेजारी बसून नुसती मोजत होते. त्याला ऐकलंच नाही कधी. तुम्ही ऐकलंत. तो कसा वाजायचा?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, चालीसारखा. नाव कळायच्या आधी माणूस कळतो. दाविदचा हात मी कुठेही ओळखला असता. तो घाईत सुरू करायचा, मधली अक्षरं एकमेकांना ढकलत यायची, आणि अखेरच्या रेघेवर तो रेंगाळायचा, घरातून निघालेला माणूस उंबऱ्यावर उगाच जरा थांबतो तसा. हे मी त्यांना सांगू लागलो, पण सांगून ते कळण्यासारखं नव्हतं. म्हणून मी ओठ जुळवले आणि परीक्षा चालू होती म्हणून अगदी हळू, दातांमधून शीळ घातली. दाविदचं बोलवायचं नाव, तो वाजवायचा तसं. दारातला शिपाई डोकावला आणि मुख्याध्यापिकेसमोर शीळ घालणाऱ्या म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाकडे बघतच राहिला.

बाईंनी डोळे मिटले होते. दोन्ही हात टेबलावर पालथे, स्थिर.

"शेवटी थांबतो तो," त्या म्हणाल्या. "लहानपणी हाक मारतानाही असंच लांबवायचा. ताईऽ म्हणायचा."

मी ओठ ओले केले.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा शीळ घातली. मग पुन्हा. पेपर सुटायची घंटा होईपर्यंत मी तेवढंच वाजवत राहिलो, कारण त्यांना देण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.